मुस्कटावरचे दव : बसलेल्या गायीच्या एका प्रकरणातून कॅल्शियम आणि पेशींच्या स्रावाचा अभ्यास

पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठच्या एका खेड्यात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी पहाटे हाताळलेले हे प्रकरण आहे. गाय संकरित होल्स्टिन, वय सुमारे आठ वर्षे, चौथे वेत, मागच्या वेतात दिवसाला अठरा लिटरपर्यंत दूध देणारी. आदल्या दिवशी दुपारी ती कोणताही त्रास न होता व्याली, कालवड झाली, वार चार-पाच तासांत पडली आणि संध्याकाळी घरच्यांनी कास पूर्ण रिकामी करून सुमारे अकरा लिटर चीक काढला. रात्री दहाच्या सुमारास ती अस्वस्थ होती, डोके झटकत होती, मागचे पाय अडखळत टाकत होती आणि अंगाला हात लावला की दचकत होती, हे सालदाराने पाहिले होते. पण व्यालेली गाय थोडी बेचैन असायचीच, म्हणून त्याने ते कोणाला सांगितले नाही. पहाटे चारला ती बसलेली आढळली. फोनवर गायीचे मालक आप्पा यांनी एवढेच सांगितले : "डॉक्टरसाहेब, गाय उठस नही."

हा दुग्धज्वर होता, म्हणजे व्याल्यानंतर रक्तातले कॅल्शियम एकदम उतरून गाय बसण्याचा आजार, आणि तो आमच्या भागातल्या कोणत्याही पशुवैद्यकाला नवा नाही. उपचारही ठरलेला आहे. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण पेशीने आपल्या आतल्या पुटिकांमधला, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांमधला, माल बाहेर सोडणे ही जी सूक्ष्म क्रिया जीवशास्त्राच्या पुस्तकात एका आकृतीत आटोपते, ती बंद पडली तर काय होते हे या आजारात नुसत्या डोळ्यांनी, गायीच्या अंगावर सहा-सात ठिकाणी दिसते. आणि ती पुन्हा सुरू होते तेही वीस मिनिटांत, एकेक टप्प्याने पाहता येते. इतका स्पष्ट धडा देणारा दुसरा आजार माझ्या कामात मला आढळलेला नाही.

तपासणी

एप्रिलअखेरची रात्र होती. पत्र्याच्या गोठ्यात पहाटेही उकाडा होता, दगडी भिंतीला हात लावला तर ती दिवसभराची ऊब अजून धरून होती. अशा गोठ्यात गायीचे दोन्ही कान थंडगार लागत होते. ती छातीवर बसलेली होती, मान उजव्या कुशीकडे वळवून. ती सरळ केली तर सोडताच पुन्हा तिथेच जाई, आणि मानेत इंग्रजी एस अक्षरासारखा बाक दिसे. तापमान ९८.४ अंश फॅरनहाइट भरले, म्हणजे गायीच्या नेहमीच्या साडेएकशेएक अंशांपेक्षा तीन अंशांनी कमी. हृदयाचे ठोके मिनिटाला ९२, पण इतके क्षीण की स्टेथोस्कोप दोनदा जागा बदलून लावावा लागला.

डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि बॅटरीचा झोत टाकल्यावरही जेमतेम आकुंचन पावत होत्या. डाव्या कुशीवर मूठ दाबून पाच मिनिटे थांबलो. जे पोट निरोगी गायीत मिनिटाला एक-दोनदा हाताखाली वळते, ते एकदाही हलले नाही. कूस फुगू लागली होती, ढेकर बंद होते, संध्याकाळपासून शेण नव्हते, मूत्राशय भरलेले होते, शेपूट हातात दोरीसारखी लोंबत होती. मागच्या पायाच्या कातडीला सुई टोचली तर पाय ओढला गेला नाही, केवळ कान किंचित हलला. आणि मुस्कट कोरडे होते. निरोगी गायीच्या दोन नाकपुड्यांमधल्या त्या उघड्या कातडीवर सतत बारीक दवबिंदू असतात. या गायीचे मुस्कट उन्हात पडलेल्या चपलेच्या तळव्यासारखे सुकून भेगाळलेले होते.

मी पोहोचण्याआधी दोन गोष्टी झाल्या होत्या, आणि त्या दोन्हींची नोंद आवश्यक आहे. 'दुग्धज्वर' हे नाव ऐकून कोणीतरी तापाचे इंजेक्शन देऊन गेले होते. या नावाने आजवर पुष्कळ नुकसान केले आहे, कारण या आजारात ज्वर नसतोच, उलट अंग थंड पडते. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची होती : ओवा आणि गुळाचा काढा नळकांड्याने पाजण्याची तयारी चालू होती. ज्या गायीचे गिळण्याचे स्नायूही ढिले पडले आहेत तिच्या तोंडात ओतलेले पाणी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरते, आणि कॅल्शियमने उठलेली गाय चार दिवसांनी न्यूमोनियाने दगावते. काढा बाजूला ठेवायला सांगितला.

औषध देण्यापूर्वी रक्ताचा नमुना घेतला. आप्पांना मधुमेह असल्याने घरात साखर तपासण्याचे यंत्र होते. त्यावर गायीच्या रक्ताचा एक थेंब टाकला, तर आकडा १०४ आला. माणसासाठीचे हे यंत्र गायीत अंदाजापुरतेच वापरावे, पण गायीची साखर साधारण ४५ ते ७५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असते हे लक्षात घेता हा आकडा निश्चितच चढा होता. व्यालेल्या गायीत साखर उतरण्याचा आजारही असतो, तो या आकड्याने बाद झाला. ती चढली का, याचे उत्तर पुढे येते. नमुन्याचा अहवाल दोन दिवसांनी मिळाला : कॅल्शियम ४.६ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या साडेआठ ते दहाच्या निम्म्यावर, फॉस्फरस कमी, मॅग्नेशियम २.७, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला. मॅग्नेशियमचा हा आकडा सहसा कोणी वाचत नाही, पण या प्रकरणात त्याला महत्त्व आहे.

वीस मिनिटे

मानेच्या शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे २५ टक्क्यांचे ४५० मिलिलिटर द्रावण, ज्यात प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे ८ ग्रॅम असते, कोमट करून घड्याळ लावून हळूहळू सोडले. एका हाताने बाटलीची उंची सांभाळायची आणि कान हृदयावर ठेवायचे, ही या उपचाराची खरी शिस्त आहे. कॅल्शियम वेगाने गेले तर ठोके अनियमित होतात आणि हृदय थांबूही शकते. सेवेच्या सुरुवातीच्या काळात घाईमुळे एक गाय माझ्या हाताखाली सुई शिरेत असतानाच गेली आहे, आणि तेव्हापासून मी बाटली कधीही दुसऱ्याच्या हाती देत नाही.

चौथ्या मिनिटाला खांद्याच्या आणि कुशीच्या कातडीखाली बारीक थरथर सुरू झाली, शांत पाण्यावर वाऱ्याची लहर जावी तशी. सातव्या मिनिटाला ठोके ७६ वर उतरले आणि आवाज भरीव झाला. नवव्या मिनिटाला पहिली ढेकर आली, तिचा आंबूस वास गोठाभर पसरला आणि कूस हाताखाली वळली. बाराव्या मिनिटाला मी मुस्कटावर बॅटरीचा प्रकाश पाडला. कोरड्या कातडीवर सुईच्या टोकाएवढे थेंब एकेक करून उमटत होते. बघता बघता दोन शेजारचे थेंब एक झाले आणि ओघळले. माझ्या मागे उभ्या असलेल्या, आप्पांच्या घरातल्या आक्कांनी ते पाहिले आणि पदर तोंडाला लावला. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास गायीने घट्ट, चिकट आव असलेले शेण टाकले, अठराव्या मिनिटाला बाटली संपली, आणि मान आपोआप सरळ झाली. पुढे पंचवीस मिनिटांनी, दोनदा प्रयत्न फसल्यावर, तिने मागचा भाग उचलला आणि ती उभी राहिली. "उठनी, गाय उठनी!" ही सालदाराची हाक गल्लीपर्यंत गेली असावी, कारण थोड्याच वेळात गोठ्याच्या दारात शेजारी जमले.

निरोप येतो, दार उघडत नाही

गाय बसली होती तेव्हा तिच्या मेंदूत उठण्याची इच्छा होती, मज्जातंतूंमधून विजेचा निरोप धावत होता, स्नायू धडधाकट होते आणि स्नायूंना हवे असलेले कॅल्शियम त्यांच्या आतल्या कोठारात शिल्लक होते. हाडांना जोडलेले स्नायू आकुंचनासाठी आपल्याच पेशीतला साठा वापरतात, रक्तातल्या कॅल्शियमची वाट पाहत नाहीत. मग अडले कुठे? मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी फट असते, आणि वीज ती फट ओलांडू शकत नाही. टोकापाशी अॅसिटिलकोलिन या रसायनाने भरलेल्या हजारो पुटिका तयार असतात. निरोप पोहोचला की टोकाच्या पटलातली कॅल्शियमची दारे उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट जास्त असते, म्हणून दार उघडताच ते आत मुसंडी मारते. पुटिकेच्या अंगावर बसलेले सिनॅप्टोटॅग्मिन नावाचे प्रथिन ते टिपते, पुटिका आणि पटल यांना आधीपासून जवळ ओढून धरणाऱ्या स्नेअर प्रथिनांची वीण शेवटपर्यंत आवळली जाते, पुटिकेचे आवरण पटलात मिसळते आणि आतला माल फटीत पडतो. कॅल्शियम आत आल्यापासून हे व्हायला मिलिसेकंदही लागत नाही. या क्रियेला एक्झोसायटोसिस म्हणतात, आणि तिचा चाप कॅल्शियम आहे.

बसलेल्या गायीत पुटिका भरलेल्या असतात, दारेही उघडतात. पण बाहेर कॅल्शियमच तुटपुंजे असल्याने आत येते ते चाप ओढायला पुरत नाही.

हे ज्ञान बेडकांपासून सुरू झाले. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवले होते. ते पाणी नळाच्या पाण्याने बनवलेले आहे हे त्यांना नंतर कळले, आणि ऊर्ध्वपातित पाण्याने बनवले तेव्हा हृदय क्षीण होत थांबले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हा फरक होता, हे त्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९५० च्या दशकात बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अॅसिटिलकोलिन सलग धारेने न येता ठरावीक मापाच्या पुड्यांनी येते, आणि कॅल्शियम कमी केले की पुडीचा आकार तसाच राहून पुड्यांची संख्या घटते. या कामाचा वाटा म्हणून त्यांना १९७० चे नोबेल मिळाले. १९६१ मध्ये विल्यम डग्लस आणि रोनाल्ड रुबिन यांनी मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॅल्शियमविरहित द्रव वाहवला, तेव्हा चेतवूनही ग्रंथीने अॅड्रेनलिनसारखा स्राव सोडला नाही. मज्जातंतूचा नियम ग्रंथीलाही लागू आहे हे त्यातून दिसले. पुटिकांच्या या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल २०१३ चे नोबेल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडॉफ यांना देण्यात आले. सिनॅप्टोटॅग्मिन हाच चाप आहे हे सुडॉफ यांनी सिद्ध केले होते.

या सर्व इतिहासातली एक गोष्ट मला गोठ्यात सर्वांत उपयोगी पडते. डॉज आणि रहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या स्नायूवर मोजले की कॅल्शियम कमी असलेल्या टप्प्यात सोडल्या जाणाऱ्या पुड्यांची संख्या कॅल्शियमच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे कॅल्शियम निम्मे झाले तर स्राव निम्मा न होता सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि दोन पंचमांश राहिले तर चाळिसाव्या हिश्श्यापर्यंत घसरतो. हा घातांक गायीला जसाच्या तसा लावणे योग्य नाही, शिवाय मज्जातंतू आणि स्नायू यांच्या प्रत्येक संधीत गरजेपेक्षा काही पट जास्त अॅसिटिलकोलिन सोडण्याची राखीव क्षमता असते. पण राखीव क्षमता आणि चौथा घात या दोन गोष्टी एकत्र धरल्या की रात्री दहाला चालणारी गाय पहाटे चारला पूर्ण बसलेली का आढळते, याचा खुलासा होतो : राखीव असेपर्यंत फारसे काही दिसत नाही, आणि ती संपली की उतार अतिशय तीव्र असतो. त्याच कारणाने चढही तीव्र असतो, आणि एका बाटलीतल्या आठ ग्रॅमवर पाचशे किलोची गाय उभी राहते.

आता तपासणीतील लक्षणे पुन्हा वाचावीत. बाहुली आकुंचन पावते ती अॅसिटिलकोलिन सोडणाऱ्या तंतूंमुळे. ते सुटले नाही, म्हणून बाहुली विस्फारलेली राहिली. पोट, आतडी आणि मूत्राशय यांना दुहेरी मार बसला, कारण त्यांना हलवणारा निरोपही आला नाही आणि त्यांच्या गुळगुळीत स्नायूंना आकुंचनासाठी बाहेरचे कॅल्शियम लागते तेही नव्हते. हृदयाची गोष्ट रिंगर यांच्या बेडकाचीच आहे. मुस्कटावरचे दव म्हणजे तर ग्रंथीपेशींचा स्रावच. त्या पेशींना सांगणारा तंतूही कॅल्शियमवर चालतो आणि पेशीला तो हुकूम बजावायलाही कॅल्शियम लागते. आणि साखर चढलेली होती, कारण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिनने भरलेल्या पुटिका कॅल्शियम आत आल्यावरच सोडतात. कॅल्शियम घटले की इन्सुलिन अडते आणि साखर रक्तात साचते. व्याण्याच्या ताणाचाही त्यात वाटा असतो, म्हणून त्या एका आकड्यावर मी फार भार टाकत नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच आकडा ६२ होता.

माहेरी आलेल्या ताईंचा प्रश्न

आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात. आप्पांची थोरली मुलगीही आली होती. ती मोठ्या शहरात प्रसूती विभागात परिचारिका आहे. गाय उठल्यावर चहा पिताना तिने विचारले की गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम उतरलेला रुग्ण तिने पाहिला आहे, त्याची बोटे आखडून आत वळली होती, अंगाला मुंग्या येत होत्या. मग कॅल्शियम उतरल्यावर माणूस आखडतो आणि गाय ढिली पडते, हे कसे? या प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता.

कॅल्शियमचे मज्जातंतूत दुसरेही एक काम आहे. तंतूच्या बाहेरच्या पटलापाशी राहून ते सोडियमच्या दारांना शांत ठेवते. ते कमी झाले की तंतू थोड्याशा कारणाने, किंवा कारणाशिवायही, निरोप पाठवू लागतो. माणसात हाच परिणाम प्रकर्षाने दिसतो, कारण निरोप वाढले तरी टोकापाशी पुटिका सुटण्याइतके कॅल्शियम उरलेले असते. व्यालेल्या कुत्रीतही तेच होते, ती आखडते आणि थरथरते. गायीत मात्र टोकापाशीच अडते. पण गायीतही पहिला टप्पा येऊन जातो : सालदाराने रात्री दहाला पाहिलेले डोके झटकणे, दचकणे, अडखळणे हा तो टप्पा होता. बाटली चालू असताना चौथ्या मिनिटाला दिसलेली थरथर, माझ्या मते, तोच टप्पा परतीच्या वाटेवर पुन्हा लागल्याची खूण होती.

आणि इथे मॅग्नेशियमचा आकडा येतो. मॅग्नेशियम मज्जातंतूच्या टोकापाशी कॅल्शियमचे दार अडवते. देल कास्तियो आणि एंगबेक यांनी १९५४ मध्ये ते दाखवले. कॅल्शियम ४.६ आणि मॅग्नेशियम वरच्या टोकाला, अशा जोडीत पुटिका सुटणे आणखी अवघड होते. हे सांगितल्यावर ताई लगेच म्हणाल्या की त्यांच्या विभागात झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात, दर वेळी गुडघ्याचा झटका तपासतात, आणि तो नाहीसा झाला तर मात्रा थांबवून कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवतात. त्यांनी वर्षानुवर्षे हाताने केलेले काम आणि गोठ्यात बसलेली गाय एकाच दारापाशी येऊन भेटत होती. मला हे इतक्या नेमकेपणाने कोणी पूर्वी जोडून दाखवले नव्हते.

जिथे बाटली उपयोगी पडली नाही

तुलनेसाठी एक जुने प्रकरण नोंदवतो. काही वर्षांपूर्वी, धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, चाऱ्याची टंचाई असलेल्या उन्हाळ्यात एकाच वस्तीवरील तीन जनावरे चार दिवसांत बसली. त्यांत एक भाकड गाय होती आणि एक बैल. तिन्ही ढिली पडलेली, जीभ ओढून बाहेर काढली तर आत न घेणारी, डोळ्यांत मात्र समज शाबूत. पहिल्या गायीला मी कॅल्शियम दिले. हृदयाचा आवाज थोडा सुधारला, बाकी काहीही हलले नाही; मुस्कट कोरडे ते कोरडेच राहिले. चौकशीत कळले की जनावरे माळावरच्या मेलेल्या ढोरांची हाडे चघळत होती, जे फॉस्फरसच्या कमतरतेत नेहमी घडते. प्रयोगशाळेतून पुष्टी झाली नाही, पण परिस्थिती आणि लक्षणे यांवरून ते बोट्युलिझम (सडलेल्या अवशेषांतल्या जंतूंच्या विषाने होणारा लुळेपणा) होते याविषयी मला शंका नाही. बोट्युलिनम विष पुटिका आणि पटल यांना जोडणारी स्नेअर प्रथिनेच कापते. कॅल्शियम येते, चाप ओढला जातो, पण चापाला जोडलेली तार तुटलेली असते. तिन्ही जनावरे गेली.

एकच क्रिया, दोन वेगळ्या ठिकाणी तुटलेली, बाहेरून जवळजवळ सारखी दिसते. म्हणून बसलेल्या गायीत बाटलीला मिळणारा प्रतिसाद मी निदानाचाच भाग मानतो. बाराव्या मिनिटाला मुस्कट ओले होते की नाही, हे मी प्रत्येक नोंदीत लिहितो.

कॅल्शियम उतरले का

हिशेब सोपा आहे. गायीच्या रक्तद्रवात कोणत्याही क्षणी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम असते. एक लिटर चिकात दोन ग्रॅमहून थोडे जास्त जाते. अकरा लिटर चीक म्हणजे रक्तातला सगळा साठा सात-आठ वेळा काढून घेतल्यासारखे झाले. हाडांत सात-आठ किलो कॅल्शियम पडलेले असते, पण ते सोडवून आणायला वेळ लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेतानंतर तो वेळ वाढत जातो. पहिलटकर गाय म्हणूनच सहसा बसत नाही.

हाडांतले कॅल्शियम सोडवण्याचा हुकूम गळ्यातल्या परावटू ग्रंथी देतात, आणि त्यांची चाल बाकी बहुतेक ग्रंथींच्या उलट आहे. इतरत्र पेशीच्या आत कॅल्शियम वाढले की स्राव सुटतो. इथे रक्तातले कॅल्शियम उतरले की संप्रेरक सुटते. या पेशींच्या बाहेरच्या पटलावर कॅल्शियम ओळखणारे एक प्रथिन असते, ते १९९३ मध्ये गायीच्याच परावटू ग्रंथीतून शोधले गेले. त्यामुळे बसलेल्या गायीत परावटू संप्रेरक चांगले वाढलेले असते. दोष ग्रंथीत नसतो. हुकूम सुटतो, पण हाडे आणि मूत्रपिंड तो पुरेसा मानत नाहीत. रक्त क्षारधर्मी झालेले असेल तर असे होते, आणि रक्त क्षारधर्मी करणारे मोठे कारण म्हणजे पोटॅशियमने भरलेला हिरवा चारा.

आप्पांच्या घरी गाय आटवल्यापासून दोन महिने तिला रोज लसूणघास भरपूर घातला होता, आणि वर शेवटचे पंधरा दिवस कॅल्शियमचे बाटलीबंद औषध. दोन्ही गोष्टी मायेने केलेल्या होत्या. लसूणघासात पोटॅशियम आणि कॅल्शियम दोन्ही विपुल. त्यात बाहेरून कॅल्शियम मिळत राहिले, म्हणून हाडांतून काढण्याची यंत्रणा झोपी गेली, आणि ज्या रात्री तिची गरज पडली त्या रात्री ती जागी झाली नाही. हे मी आप्पांना सांगितले तेव्हा त्यांना वाईट वाटले, पण त्यांनी वाद घातला नाही; "मंग आटेल गायले काय घालू?" एवढेच विचारले.

त्याचे उत्तर त्यांच्या खळ्यातच होते. दादर ज्वारीचा कडबा. व्याण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास बंद, दादरचा कडबा मुख्य चारा, सरकी पेंड मोजून, मॅग्नेशियम पुरेसे, कॅल्शियमचे औषध व्याण्यापूर्वी नाही आणि व्याल्यानंतर मात्र लगेच. सोबत रक्ताची क्षारता उतरवणारे ऋणभारित क्षार, पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेतच. ते लागू पडत आहेत की नाही हे लघवीच्या पट्टीवरून कळते : एरवी गायीच्या लघवीचा सामू ८ च्या वर असतो, तो साडेसहाच्या आसपास आला की मात्रा योग्य. व्याल्यानंतर पहिल्या दिवशी कास पूर्ण रिकामी करण्याचा आग्रह सोडावा, वासराला पोटभर पाजून थोडे कासेत राहू द्यावे.

पुढची नोंद

ही गाय दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ढिली पडू लागली. कान थंड, चाल डुलती, पण ती उभी होती. अर्धी बाटली शिरेतून आणि उरलेली कातडीखाली तीन ठिकाणी विभागून दिली. त्यानंतर ती पुन्हा बसली नाही. तिच्या मागच्या मांड्या पहाटेच्या काही तासांत दबल्या होत्या, त्यामुळे दोन दिवस ती लंगडत होती. मधल्या काळात आप्पांनी आणि सालदाराने भुशाच्या गोण्या लावून तिला दर दोन तासांनी कूस बदलवली, आणि मांड्या वाचल्या त्या त्यामुळे, हे मी खात्रीने म्हणतो. दहाव्या दिवशी दूध सोळा लिटरवर आले.

पाचव्या वेताला ती पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर व्याली. आधीचे तीन आठवडे दादरचा कडबा आणि क्षार चालू होते, लघवीचा सामू आठवड्यातून दोनदा ताईंनी आणून दिलेल्या पट्ट्यांवर तपासला जात होता आणि शेवटची नोंद ६.५ होती. व्याल्यानंतर बारा तासांनी घेतलेल्या नमुन्यात कॅल्शियम ८.१ निघाले. मी गोठ्यात शिरलो तेव्हा ती उभी राहून वासराला चाटत होती, आणि तिचे मुस्कट ओले होते.